एक्सपीएसमध्ये व्हॅलन्स बँडची कडा सरकलेली दिसते. तिच्यावरून सीबेक गुणांकाची वाढ समजावता येईल का?

प्रश्न : गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार. मी नांदेड जिल्ह्यातील एका महाविद्यालयातून पीएच.डी.चे काम करीत असून माझा विषय बिस्मथ-अँटिमनी-टेल्युराइड हा थर्मोइलेक्ट्रिक (तापमानाच्या फरकातून वीज देणारा) पदार्थ आहे. मूलद्रव्ये क्वार्ट्झच्या नळीत निर्वातात सील करून वितळवणे, निघालेला गट्टू अगेटच्या खलात कुटणे आणि ती भुकटी तापलेल्या साच्यात दाबून तिची पेलेट (घट्ट चकती) करणे, एवढे आमच्याकडे होते. सीबेक गुणांक (दोन टोकांच्या तापमानातील दर केल्विन फरकामागे मिळणारा विद्युतदाब) आणि रोधकता मोजण्याची सोयही विभागात आहे. त्यापुढचे सर्व बाहेर पाठवावे लागते.

माझे दोन नमुने आहेत. पहिल्यात मूलद्रव्ये ठरलेल्या प्रमाणात आहेत, तर दुसऱ्यात टेल्युरियम किंचित जास्त घातले आहे. दोन्ही पी-प्रकारचे आहेत, म्हणजे त्यांत वीज वाहून नेतात ते होल (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा). ३०० केल्विनला पहिल्याचा सीबेक गुणांक १६० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन आला आणि दुसऱ्याचा २०५. शोधनिबंध पाठवला तेव्हा परीक्षकांनी असे सुचवले की ही वाढ इलेक्ट्रॉनिक रचनेतील बदलामुळे झाली असल्यास तिचा फोटोएमिशनचा, म्हणजे प्रकाशाने किंवा क्ष-किरणांनी उडवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या मोजमापाचा, पुरावा जोडावा.

त्यानुसार बाहेरच्या एका सुविधा केंद्रातून एक्सपीएस, म्हणजे क्ष-किरणांनी केलेले फोटोएमिशन, करून घेतले. नमुने प्लास्टिकच्या डबीत कापसात ठेवून पाठवले होते. आमचा क्रमांक लागेपर्यंत अठरा दिवस गेले, मध्ये जूनचा पहिला पाऊस होऊन गेला, आणि मोजमाप चालू असताना वीज गेल्यामुळे दुसरा नमुना दुसऱ्या दिवशी पुन्हा आत घालावा लागला. आलेल्या वर्णपटात व्हॅलन्स बँडच्या (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सर्वांत वरच्या ऊर्जापट्ट्याच्या) उतारावर सरळ रेषा टाकून कडा काढली, तर पहिल्या नमुन्याची कडा फर्मी पातळीच्या (इलेक्ट्रॉन साधारण जिथपर्यंत भरलेले असतात त्या ऊर्जेच्या) ०.०८ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर आणि दुसऱ्याची ०.०२ खाली आली, म्हणजे फरक ०.१० इलेक्ट्रॉनव्होल्टचा. सर्व वर्णपट कार्बनचे शिखर २८४.८ इलेक्ट्रॉनव्होल्टवर धरून जुळवले आहेत.

टेल्युरियम वाढल्याने होल कमी होतात आणि फर्मी पातळी वर सरकते, हे मला ठाऊक आहे, त्यामुळे दिशा तरी बरोबर वाटते. हा ०.१० चा फरक मी पुरावा म्हणून मांडू शकते का? की यासाठी इंदूरला जाऊन सिंक्रोट्रॉनवर (वलयात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून मिळणाऱ्या प्रखर प्रकाशावर) मोजावे लागेल? आणि पेलेटवर कोनविभेदित फोटोएमिशन, म्हणजे आर्पेस, शक्य असते का? मार्गदर्शक सरांचा विषय क्ष-किरण विवर्तन असल्याने त्यांनीच मला येथे विचारण्यास सांगितले आहे.

उत्तर १ : निर्वात (मूळ अंबाजोगाई, सध्या इंदूर)

ताई, उपकरणाकडे वळण्यापूर्वी कागदावर एक हिशेब करू, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

सीबेक गुणांक म्हणजे ढोबळमानाने एका वाहकाने वाहून नेलेली, फर्मी पातळीपासून मोजलेली ऊर्जा, भागिले त्याचा प्रभार आणि तापमान. पट्टा (बँड) तोच राहिला आणि वाहकांच्या विखुरण्याची रीत बदलली नाही, तर फर्मी पातळी जितकी सरकते तिला तापमानाने भागून येईल तेवढाच फरक सीबेकमध्ये पडतो. आपला फरक ४५ मायक्रोव्होल्ट प्रति केल्विनचा आहे. त्याला ३०० ने गुणले की १३.५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट येतात. आपल्या नमुन्यांत वाहक भरपूर असल्याने हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही, परंतु एकाच पॅराबोलिक पट्ट्याचे आणि ध्वनी-फोनॉन (स्फटिकाच्या कंपनांमुळे होणाऱ्या) विखुरण्याचे नेहमीचे गणित नीट केले तरी आकडा २० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच राहतो. त्या गणितात १६० सीबेक असताना फर्मी पातळी व्हॅलन्स बँडच्या आत साधारण २० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि २०५ असताना ती जवळजवळ कडेवरच येते. म्हणजे पहिल्या नमुन्याची कडा फर्मी पातळीच्या वर दिसणे यात स्वतःमध्ये काही चूक नाही. चूक आहे ती ०.०८ या आकड्यात आणि त्याहून जास्त ०.१० या फरकात. फर्मी पातळी खरोखर शंभर मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टने सरकली असती, तर दुसऱ्या नमुन्याचा सीबेक २०५ वर थांबलाच नसता.

म्हणून आपल्याला जे दिसले ते सीबेकच्या वाढीचे कारण नाही. दिशा जुळली हा योगायोग आहे, आणि असे योगायोगच माणसाला सर्वांत जास्त फसवतात.

आता उपकरणाची बाजू पाहू. प्रयोगशाळेतील ॲल्युमिनियमच्या क्ष-किरणांवर, म्हणजे १४८६.६ इलेक्ट्रॉनव्होल्टवर चालणाऱ्या एकवर्णी एक्सपीएसची एकूण विभेदनक्षमता व्यवहारात अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. सीबेक ठरवणारे इलेक्ट्रॉन फर्मी पातळीच्या दोन्ही बाजूंना काही केटी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) एवढ्याच पट्टीत असतात, आणि ३०० केल्विनला एक केटी म्हणजे २६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट. चांदीसारख्या धातूची फर्मी कडासुद्धा खोलीच्या तापमानाला केवळ उष्णतेमुळे, दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत मोजली तर, सुमारे ०.११ इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद असते. मोंढ्यातल्या वजनकाट्यावर नाकातली चमकी तोलण्याचा हा प्रकार आहे. काटा खोटा नसतो, पण तो पोत्यांसाठी केलेला असतो.

यावर आपण म्हणाल की शिखराची रुंदी जास्त असली तरी त्याचे स्थान अधिक बारकाईने ठरवता येते, आणि ते खरे आहे. गाभ्याच्या (अणूत खोल बसलेल्या इलेक्ट्रॉनांच्या) पातळ्यांच्या शिखरांचे स्थान पुरेशी मोजणी असेल तर ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत सांगता येते. त्यातून एक उपयुक्त कसोटीही मिळते. फर्मी पातळी खरोखर सरकली असेल तर बिस्मथ, अँटिमनी आणि टेल्युरियम या तिघांची मूळ शिखरे आणि व्हॅलन्स बँड हे सारे एकाच दिशेने, एकाच अंतराने सरकतात. एखादेच शिखर सरकले असेल तर तो रासायनिक बदल असतो, फर्मी पातळीचा नव्हे. मात्र नमुन्याच्या पृष्ठभागावर प्रभार साचून पट्टा वाकला असला तरीही सर्व शिखरे एकत्र सरकतात, त्यामुळे ही कसोटी आवश्यक आहे, पुरेशी नाही.

शिवाय कार्बनचे शिखर २८४.८ वर धरण्याची सवय आपल्यासारख्या वाहक नमुन्यांसाठी सोडून द्यावी. तो कार्बन म्हणजे हवेतून बसलेली घाण असते, तिचा आपल्या पदार्थाशी विद्युतसंपर्क कसा आहे हे कोणी पाहिलेले नसते, आणि त्याच्या स्थानातच दशांशाच्या पहिल्या घरात फरक पडतो. आपला अख्खा ०.१० तिथूनच आला असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. नमुना धारकाशी नीट जोडलेला असेल तर त्याची आणि विश्लेषकाची फर्मी पातळी एकच असते. चांदीचा किंवा सोन्याचा पत्रा शेजारी लावून त्याच्या फर्मी कडेवर शून्य धरावे, म्हणजे कार्बनची गरजच राहत नाही.

उत्तर २ : काळी माती (परभणी)

मी रसायनशास्त्र शिकवतो आणि दुसऱ्यांचे एक्सपीएस वर्णपट विश्लेषित करून देण्याचे काम अधूनमधून माझ्याकडे येते. वरील हिशेबाशी मी पूर्ण सहमत आहे. पण मला खटकले ते त्या डबीतले अठरा दिवस.

शेतातील माती तपासायला देताना वरचा पालापाचोळा आणि खरवड बाजूला करून, वीतभर खोल व्ही-आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या भिंतीवरून माती काढायची असते, हे आमच्या भागात शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. फोटोएमिशनमध्ये आपण नेमके उलट करतो. ॲल्युमिनियमच्या क्ष-किरणांनी उडवलेला व्हॅलन्स बँडचा इलेक्ट्रॉन ऊर्जा न गमावता सरासरी दोन-तीन नॅनोमीटरच प्रवास करतो, त्यामुळे जवळजवळ सगळा संदेश वरच्या सात-आठ नॅनोमीटरमधून येतो. हेलियमच्या दिव्यावर, म्हणजे २१.२ इलेक्ट्रॉनव्होल्टवर मोजले तर तो याहूनही उथळ थरातून येतो. आपला सीबेक मात्र दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या संपूर्ण पेलेटचा आहे. पृष्ठभागावर ऑक्साइड बसला असेल तर आपण मातीऐवजी खरवडच तपासायला पाठवली आहे.

तेव्हा आधी टेल्युरियमचे ३डी ५/२ शिखर पाहावे (अशी नावे इलेक्ट्रॉन कोणत्या पातळीतून निघाला ते सांगतात). टेल्युराइडमधील टेल्युरियम ५७२ ते ५७३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यान असते आणि ऑक्साइडमधील सुमारे ५७६ वर. अंतर एवढे मोठे आहे की डोळ्यांनीही कळते. बिस्मथचे ४एफ ७/२ टेल्युराइडमध्ये १५८ च्या जवळ असते आणि ऑक्साइडमध्ये १५९ च्या वर जाते.

अँटिमनीच्या बाबतीत एक खाचखळगा आहे आणि त्यात मी स्वतः पडलेलो आहे. ऑक्सिजनचे १एस शिखर आणि अँटिमनीचे ३डी ५/२ शिखर ५३० च्या आसपास एकमेकांवर चढून बसतात. संगणकाने आपोआप काढलेल्या तक्त्यात तो सगळा ढीग ऑक्सिजनच्या नावावर टाकलेला असतो किंवा सगळा अँटिमनीच्या. मी एका नमुन्यात अशा रीतीने ऑक्सिजन जवळजवळ दुप्पट दाखवला होता आणि तो तक्ता छापूनही आला असता. उपाय साधा आहे. अँटिमनीचे दुसरे शिखर, ३डी ३/२, सुमारे ९.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुढे मोकळ्या जागेत उभे असते. आधी ते बसवावे, दोन शिखरांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण ३:२ धरून पहिल्या शिखराचा वाटा काढावा, आणि उरलेले तेवढेच ऑक्सिजनचे मानावे.

यंत्रातच आर्गॉनच्या आयनांचा मारा करून पृष्ठभाग साफ करून घ्यावा, असे कोणी सुचवेल. टेल्युराइडवर मी ते टाळतो, कारण माऱ्यात एखादे मूलद्रव्य इतरांपेक्षा वेगाने उडून जाते आणि मागे उरणारा थर आपण बनवलेल्या पदार्थाचा राहतच नाही. खरवडणेही निर्धोक नाही. बिस्मथ टेल्युराइडच्या घराण्यात नुसत्या कुटण्या-घासण्याने दोष निर्माण होऊन इलेक्ट्रॉनांची भर पडते, हे भुकटी करणाऱ्यांना माहीत असते. पेलेटची छोटी कांडी कापून ती निर्वातातच मोडणे आणि ताजी भेग मोजणे हे मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

ऑक्साइडला केवळ कचरा समजू नये, हेही येथेच सांगतो. टिन सेलेनाइडच्या एकस्फटिकाने २०१४ साली ९२३ केल्विनला २.६ एवढा झेडटी (थर्मोइलेक्ट्रिक पदार्थाची गुणवत्ता सांगणारा आकडा) दाखवला, पण पेलेट करणाऱ्यांना तो आकडा अनेक वर्षे काही केल्या गाठता येईना. कणांवर बसलेला टिनचा ऑक्साइड उष्णता वाहून नेत होता. तो काढून टाकल्यावर २०२१ साली पेलेटनेच ७८३ केल्विनला ३.१ पर्यंत मजल मारली. अशा ठिकाणी साध्या एक्सपीएसला खरे काम असते.

उत्तर ३ : पाचपदरी (छत्रपती संभाजीनगर)

आर्पेसबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे म्हणून लिहितो. पेलेटवर ते होत नाही. आर्पेसमध्ये इलेक्ट्रॉन कोणत्या कोनातून बाहेर आला यावरून त्याचा स्फटिकातील संवेग काढतात. पेलेटमध्ये हजारो कण हजारो दिशांना तोंड करून बसलेले असतात आणि प्रकाशाचा ठिपका त्या सर्वांवर एकाच वेळी पडतो, त्यामुळे कोनाची माहिती मिसळून जाते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एकस्फटिक मात्र या घराण्यात तुलनेने सोपा आहे. बिस्मथ टेल्युराइडची रचना पाच-पाच अणुथरांच्या गठ्ठ्यांची असते आणि दोन गठ्ठ्यांमधील बंध इतका दुबळा असतो की साध्या चिकटपट्टीने वरचा पापुद्रा निघून येतो. आर्पेससाठी स्फटिक धारकावर चांदीच्या इपॉक्सीने चिकटवतात, त्याच्या डोक्यावर सिरॅमिकचा बारीक खुंट उभा करतात, आणि कक्षातील दाब दहाचा उणे दहावा घात टॉरपर्यंत उतरल्यावर आतल्या दांड्याने त्या खुंटाला टिचकी मारतात. खुंट पडतो, त्याच्याबरोबर वरचा थर जातो, आणि खाली आरशासारखा पृष्ठभाग उघडा पडतो. दाब दहाचा उणे सहावा घात असता तर एका सेकंदात त्यावर वायूचा एक थर बसला असता. उणे दहावर तेवढ्यासाठी जवळजवळ तीन तास मिळतात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत असल्याने आपल्याकडे अतिनिर्वाताविषयी आता बरेच बोलले जाते, परंतु त्याची किंमत कळते ती अशा कक्षाशेजारी बसून, वीज जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरल्यावर.

आर्पेसने थर्मोइलेक्ट्रिकमध्ये काय साधते याचे माझे आवडते उदाहरण सोडियम कोबाल्ट ऑक्साइडचे आहे. १९९७ साली जपानमध्ये या पदार्थात धातूसारखी वाहकता आणि तरीही खोलीच्या तापमानाला १०० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विनचा सीबेक आढळला, तेव्हा सर्वांची पंचाईत झाली. नेहमीच्या गणितानुसार त्याच्या फर्मी पृष्ठभागावर (फर्मी पातळीवरच्या इलेक्ट्रॉनांच्या संवेगांच्या नकाशात) मधल्या एका मोठ्या पृष्ठभागाबरोबर सहा लहान कप्पेही असायला हवे होते. आर्पेसमध्ये मोठा पृष्ठभाग दिसला, पण लहान कप्पे दिसले नाहीत, आणि पट्टा गणितापेक्षा बराच अरुंद निघाला. पट्ट्याचा आकारच वेगळा असल्याचा संशय असतो, तेथे आर्पेसशिवाय गत्यंतर नसते.

आपल्या प्रश्नात तसा संशय मला दिसत नाही. तरीही एकस्फटिक वाढवून एकदा मोजावे असे मी म्हणेन, कारण पीएच.डी.च्या वयात अशी संधी घेऊन ठेवावी.

पुन्हा : गोदाकाठ (नांदेड)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री मूळ फाइल पुन्हा उघडून बसले आणि काळी माती सरांनी सांगितल्याप्रमाणे शिखरे पाहिली. दोन्ही नमुन्यांत ५७६ वर टेल्युरियमचे ऑक्साइड-शिखर आहे, आणि दुसऱ्या नमुन्यात ते मूळ शिखरापेक्षाही उंच आहे. तोच नमुना वीज गेल्यावर बाहेर काढून रात्रभर ठेवला होता. अँटिमनीचे ३डी ३/२ शिखर दोन कुबडांचे निघाले. मला मिळालेल्या तक्त्यात अँटिमनीचा ऑक्साइड हा रकानाच नव्हता.

निर्वात सरांची कसोटीही लावून पाहिली. पहिल्यापासून दुसऱ्या नमुन्याकडे जाताना टेल्युरियमचे मूळ शिखर ०.१० ने सरकते, बिस्मथचे ०.०९ ने, अँटिमनीचे ०.१० ने. सर्व एकत्र सरकत असल्याने क्षणभर आनंद झाला. मग कार्बनची जुळवणी काढून टाकून कच्च्या आकड्यांवर तेच केले, तर तिन्ही फरक ०.०२ च्या आत आले. म्हणजे सरकला होता तो कार्बनच.

आता परीक्षकांना काय उत्तर द्यावे, हा प्रश्न आहे. त्यांनी फोटोएमिशनच मागितले आहे, आणि माझ्याकडे आहे ते मी स्वतःच खोडून काढले आहे.

उत्तर : निर्वात

खोडले ते बरे झाले. हेच त्यांनी खोडले असते तर निबंधासोबत वर्षही गेले असते.

कच्च्या आकड्यांतील तो ०.०२ मात्र गणिताशी जुळतो म्हणून उचलू नका. तो मोजमापाच्या त्रुटीच्या आत आहे, आणि ऑक्साइडखालून आलेल्या संदेशावर तेवढी भिस्त ठेवता येत नाही.

परीक्षकांची मूळ शंका अशी आहे की सीबेक वाढला तो पट्टा बदलल्यामुळे की केवळ वाहक कमी झाल्यामुळे. या शंकेचे उत्तर फोटोएमिशनपेक्षा हॉल मोजमाप (चुंबकीय क्षेत्रात वाहकांची संख्या काढण्याची रीत) जास्त स्वच्छ देते. दोन्ही पेलेटची वाहकसंख्या काढा, सीबेक विरुद्ध वाहकसंख्या असा पिसारेंको आलेख काढा, आणि एकाच प्रभावी वस्तुमानाच्या (म्हणजे एकाच पट्ट्याच्या) वक्रावर दोन्ही बिंदू बसतात का ते पाहा. माझ्या वरच्या गणिताप्रमाणे दुसऱ्या नमुन्यातील होल पहिल्याच्या साधारण ५५ टक्के असायला हवेत. तसे निघाले तर पट्टा तोच आहे, जादा टेल्युरियमने फक्त होल घटवले आहेत, आणि निबंधातील इलेक्ट्रॉनिक रचनेतील बदल हे शब्द काढून टाकावे लागतील. होल घटले नसतील आणि तरीही सीबेक वाढलेला असेल, तर खरोखर काहीतरी नवे आहे. लेड टेल्युराइडमध्ये थॅलियम घालून २००८ साली जे दाखवले गेले ते याच वळणाचे होते: तेवढ्याच वाहकसंख्येला सीबेक नेहमीच्या वक्राच्या वर गेला होता, आणि झेडटी ७७३ केल्विनला १.५ वर पोहोचला होता. तेव्हा मात्र इंदूरला अवश्य या. येथील राजा रामण्णा केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन्ही सिंक्रोट्रॉन वलये आहेत, त्यांवर फोटोएमिशनच्या बीमलाइन आहेत, आणि प्रस्ताव मंजूर झाला की बाहेरच्या विद्यार्थ्यांना वेळ मिळतो. पाचपदरी म्हणतात तो एकस्फटिकही तेव्हाच वाढवावा. नुसती संधी म्हणून सहा महिने भट्टीपुढे बसावे, याला माझी संमती नाही.

एक्सपीएस काढून टाकू नका. ते पुरवणीत ठेवा, शून्य कशावर धरला ते लिहा, ऑक्साइडचे शिखर झाकू नका. पुढच्या वेळी नमुने क्वार्ट्झच्या नळीत सील करूनच पाठवा आणि नळी केंद्रावर गेल्यावरच फोडायला सांगा. नळ्या आपल्याकडे आहेतच.

पुन्हा : गोदाकाठ (नांदेड)

हॉलसाठी विद्यापीठात विचारणा केली आहे. पुढच्या गुरुवारी वेळ मिळाली. पेलेटचा चौकोनी तुकडा कापताना पहिल्या नमुन्याचा एक कोपरा उडाला, पण चार टोकांना इंडियम लावण्यापुरती जागा उरली आहे. होल ५५ टक्के निघाले की नाही ते याच धाग्यावर लिहीन.